मौद्याच्या वावरात चाळीस पाहुणे

मधुकरराव निखारे यांच्या कादंबरीत दोनशे बारा पानं होती आणि त्यांतल्या एकाही पानावर कोणी कोणाला मारत नव्हतं. त्यामुळे त्यांचा पुतण्या चंद्रभान जेव्हा ऐन जेवणाच्या वेळी दारात उभा राहून म्हणाला, "काकाजी, तुमच्या कादंबरीचा मारधाडीचा व्हिडिओ गेम बनवून राहिलो मी," तेव्हा मधुकररावांचा घास हातातच राहिला.

"कोणाच्या कादंबरीचा?"

"तुमच्याच. 'मुक्कामी पाहुणा'."

"वाचलीस तू?"

"वाचा कायले लागते? ताऱ्यावरून कोणीतरी येते न? मंग झालं तर!"

मधुकररावांनी डोळे मिटून घेतले. नागपूरच्या महाल भागातल्या पोरांना चौतीस वर्षं विज्ञान शिकवून ते थकले होते. निवृत्तीनंतर चार वर्षं कादंबरी लिहून आणखी थकले. आणि ती छापून आल्यापासून कोणीतरी ती वाचेल याची वाट पाहून पाहून तर पार गळून गेले होते.

तशी गोष्ट साधी होती. दूरच्या ताऱ्यावरून एक पाहुणा मौद्याजवळच्या एका वावरात उतरतो. एकच. येतो आणि बांधावर बसून राहतो. वावराचा मालक मारोतराव त्याला रोज भाकर नेऊन देतो. दोघं गप्प बसतात, कधी कपाशीच्या पऱ्हाटीकडे बघतात, कधी आभाळाकडे. एक दिवस पाहुणा उठतो, हात जोडतो आणि निघून जातो. बस! लोक पुस्तक भेट म्हणून घेताना "वा, गुरुजी, वा!" म्हणायचे आणि ते तसंच पुढे सरकवायचे. स्वतःच्या सहीची एक प्रत मधुकररावांना एका साक्षगंधात टॉवेल-टोपीबरोबर परत मिळाली होती.

बाहेरच्यांचं सोडा, पण घरातलं काय? सुभद्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकोणीस पानं वाचली होती. विसाव्या पानावर दोन वर्षांपासून उदबत्तीची काडी होती.

चंद्रभानचं सदर भागात जिन्याखालच्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तीन टीव्ही, तीन कीबोर्डवाले कॉम्प्युटर आणि खोकंभर कॅसेट. कॅसेट टेपमध्ये घातली की पाच मिनिटं मांजरं भांडल्यासारखा आवाज यायचा आणि मग खेळ सुरू. सत्त्याऐंशी साली एवढं म्हणजे चमत्कारच! पण खेळ सगळे बाहेरचे, विमानांचे. चंद्रभानला आता आपल्या इकडचा खेळ बनवायचा होता, आणि चित्रं काढायला त्याला काकूच हव्या होत्या.

याला कारण होतं. सुभद्राबाई विणकरांच्या सोसायटीसाठी लुगड्यांचे काठ आणि बुट्ट्या काढून देत. चौकटीचा कागद घ्यायचा, एकेक घर भरायचं, आणि विणकराने ते बघून धागा उचलायचा. कॉम्प्युटरही, चंद्रभान म्हणाला, नेमका असाच एकेक घर मोजत चित्र काढतो.

"पाहुणा कसा दिसते, अजी?" सुभद्राबाईंनी पेन्सिलीला टोक करता करता विचारलं.

हा प्रश्न आपल्याला विचारावा लागतो याचंच मधुकररावांना दुःख झालं. "पुस्तकात आहे," ते एवढंच म्हणाले आणि खाटेवर कुशीवर वळले. इथे त्यांनी पान नंबर त्रेसष्ट असं सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण माणूस रुसला की पान नंबर सांगत नाही.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, चंद्रभान दोघांना सदरला घेऊन गेला. गाळ्यात पोरं अशी कोंबली होती की मधुकररावांना "सरका, सरका" म्हणत शिरावं लागलं. टीव्हीवर मौद्याचं वावर होतं. खाली मारोतराव उभा होता आणि त्याच्या हातात भाकरीऐवजी गोफण होती. वरून पाहुणा उतरत होता. त्याच्या शेजारी आणखी एक पाहुणा होता. त्याच्याही शेजारी एक. एका ओळीत आठ, आणि अशा पाच ओळी.

आणि प्रत्येकाला टक्कल होतं, मिशी होती, जाड चष्मा होता.

"हाण बे! गुरुजीच्या चष्म्यावर हाण!" एक पोरगा ओरडला. मारोतरावाने गोफण फिरवली आणि मधुकरराव निखारे फटकन फुटले. एकोणचाळीस उरले.

मधुकरराव बायकोकडे वळले. "सुभद्रा, हा मी आहे."

"मंग! तुम्हीच म्हटलं न, पुस्तकात आहे म्हणून. आख्ख्या पुस्तकात एकच तर चेहरा आहे, मागच्या बाजूले."

"अगं, तो लेखकाचा फोटो आहे!"

"त्याखाली कुठं लिहिलं होतं, का हा पाहुणा नाही म्हणून?"

"बरं, मी तर मी. पण चाळीस? माझा पाहुणा एकटा आहे, सुभद्रा! सगळी कादंबरी त्यावरच आहे!"

सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी त्या नवशिक्या विणकराकडे बघत. "एकच बुट्टी कोणी काढते काय? आख्ख्या लुगड्यावर एकच बुट्टी म्हणजे लोक म्हणतीन डाग पडला. मी कागदाखाली लिहून देल्लं, आडव्या आठ, उभ्या पाच."

"अन् मी तसंच टाकलं," चंद्रभान अभिमानाने म्हणाला. "मंग एवढे जण अंगावर येऊन राहिले, तर बिचाऱ्या मारोतरावाने काय करावं? म्हणून गोफण देली त्याले. गर्दी होऊन राहिली पाहा काकाजी, जागा नाही उभं राहाले!"

खरंच जागा नव्हती. पुढच्या पंधरा दिवसांत महालातली सगळी पोरं सदरला पळायला लागली. शाळा ओस, ट्यूशन ओस. मधुकरराव भाजी आणायला निघाले की पाठीमागून "एकेचाळिसावा आला बे!" अशी हाळी यायची. दुधवाल्याच्या पोराने तर त्यांना पाहून हात डोक्याभोवती गोल फिरवला. चौतीस वर्षांत त्यांच्यावर कोणी खडूसुद्धा फेकला नव्हता.

ते चंद्रभानला म्हणाले, "बंद कर." चंद्रभान म्हणाला, "काकाजी, एकेका घराचा आकडा टाइप केला मी. बोटं पाहा माझी." मधुकररावांनी बोटं पाहिली आणि परत आले. भांडायलाही अंगात जोर लागतो.

मग नत्थूजी आले.

नत्थूजी म्हणजे गल्लीच्या बडग्या कमिटीचे प्रमुख. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्यांच्या मिरवणुका, निघतात आणि त्यांच्यासोबत बडगे. त्या वर्षी गावाला ज्याचा जाच झाला त्याचा मोठा पुतळा करायचा, ओरडत-नाचत गल्लोगल्ली फिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा.

"गुरुजी, यंदाचा बडग्या व्हिडिओ गेमचा," नत्थूजी खाटेवर बसत म्हणाले. "पोट्टे पार बिघडले. आईबाप रोज माझ्या दारात येऊन राहिले. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं एखादी घोषणा लिहून द्यावी म्हटलं."

"चांगला विषय आहे," मधुकरराव मनापासून म्हणाले.

"चेहरा गेममधलाच घेऊन राहिलो. हे पाहा, नमुना आणला." नत्थूजींनी कागदाची गुंडाळी उलगडली. कागदाकडे पाहिलं. गुरुजींकडे पाहिलं. परत कागदाकडे पाहिलं.

"गुरुजी," नत्थूजी हळूच म्हणाले, "तुमचा कोणी जुळा भाऊ-बिऊ आहे काय?"

मधुकररावांनी सगळं सांगितलं. पाहुणा, बुट्टी, आडव्या आठ, उभ्या पाच. नत्थूजींनी कळवळून ऐकलं. "लय वाईट झालं बाप्पा. पण गुरुजी, बारा फुटी सांगाडा बांधून झाला. मिशी चिकटवून झाली."

"आणि जाळणार?"

"जाळा तर लागतेच न. तुमच्या दारावरून नेताना पाहिजे तर भरभर नेऊ."

"नत्थूजी, हा माझा चेहरा आहे!"

"म्हणूनच सांगतो, गुरुजी. पोळ्याले बारा दिवस आहेत. पोट्टे तिथून उठवा, मी बडग्या बदलतो. मच्छराचा करून टाकू. मिशी काढून सोंड लावली का झालं."

नत्थूजी गेले आणि मधुकरराव खाटेवर आडवे झाले. आपली गल्ली, आपले विद्यार्थी, आणि मधोमध आपलं बारा फुटी डोकं, पेटलेलं. त्यांच्या डोळ्यांसमोरून ते हलेना. सुभद्राबाई सगळं आतून ऐकत होत्या. त्या चौकटीचा कागद घेऊन बाहेर आल्या.

"नवीन चित्र काढून देते. चंद्रभान माझ्या हातचं खाऊन मोठा झाला, टाइप नाही करन तर जाईन कुठं? पण आता सरळ सांगा, कसा दिसते तो?"

"त्रेसष्टावं पान," मधुकरराव छताकडे पाहत म्हणाले.

सुभद्राबाईंनी त्रेसष्टावं पान उघडलं. अर्ध्या मिनिटाने विचारलं, "हा मारोतराव वावरात काहून रडून राहिला?"

"ते पन्नासाव्यात आहे."

त्या पन्नासाव्यावर गेल्या. तिथून चाळिसाव्यावर. शेवटी उदबत्तीची काडी काढून फेकली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. रोज दुपारी, चूल आवरली की, पाय पसरून, भिंतीला टेकून. सोसायटीचा माणूस काठाचा कागद न्यायला दोनदा आला आणि दोनदा रिकामा गेला. एकदा वरण लागलं. मधुकरराव वर्तमानपत्राआडून पान नंबर मोजत राहिले. ऐंशी, एकशेतीस, एकशेनव्वद. सत्तावन्न वर्षांच्या बाईकडे कोणी असं चोरून पाहत असेल असं वाटत नाही.

सहाव्या दिवशी सुभद्राबाईंनी पुस्तक मिटलं. "झालं."

मधुकररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कसं वाटलं?"

"एक सांगा. त्या मारोतरावाची बायको कुठं आहे?"

"म्हणजे?"

"दोनशे बारा पानं हा माणूस त्याले रोज ताजी भाकर नेऊन देते. थापून कोण राहिलं?"

मधुकरराव विचार करू लागले. चार वर्षांत हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्याला अखेर एक वाचक मिळाला आहे आणि तो हा असा आहे, हे कळून त्यांना फार आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली.

"पण पाहुणा चांगला आहे बिचारा," सुभद्राबाई नाक पुसत म्हणाल्या. "एकटाच आहे तो. त्याले एकटाच काढा लागते. डाग म्हणतीन तर म्हणू देत."

नवा खेळ त्यांनी स्वतः सदरला बसून करून घेतला. वावर, बांध आणि बांधावर एक पाहुणा, त्रेसष्टाव्या पानावरचा, उंच, बारीक, कापसाच्या बोंडासारखं डोकं असलेला. मारोतरावाकडे गोफण राहू दिली.

"पण मारला का खेळ खल्लास," त्यांनी चंद्रभानला बजावलं. "नाही मारला, नुसतं बसून राहिलं, तर तो उठन, हात जोडन अन् जाईन. तेव्हा जिंकला."

"किती वेळ बसा लागन, काकू?"

"पानाले एक सेकंद. दोनशे बारा."

"काकू, असा गेम कोण खेळन वं!" चंद्रभान रडवेला झाला. पण काकूंच्या हातची पाटोडी त्याने चौदा वर्षं खाल्ली होती. त्याने टाइप केलं.

तीन दिवसांत गाळा रिकामा झाला. पोरं शाळेत परतली. नत्थूजी शब्दाला जागले. मारबतीच्या दिवशी मधुकररावांच्या दारावरून बारा फुटी मच्छर गेला. सोंड लांबलचक होती, मिशी काढली होती, पण चष्मा काढायला कोणाला वेळ मिळाला नव्हता. एवढं चालतं, असं म्हणत मधुकररावांनी दारातून हात जोडले.

पुढच्या रविवारी नवरा-बायको चंद्रभानला भेटायला गेले. तो एकटाच पंख्याखाली बसला होता.

"शेवटपर्यंत एकही पोट्टा नाही गेला, काकाजी," तो म्हणाला. "दहा सेकंदांत गोफण चालवतात अन् खल्लास. त्या पाहुण्याले हात जोडताना मी पण नाही पाहिलं अजून."

"आजकाल धीरच नाही लोकांत," मधुकरराव म्हणाले. "सरक."

ते खुर्चीवर बसले. सुभद्राबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या. पाहुणा बांधावर बसला. वीस सेकंद झाले. पाहुणा बसला होता. साठ झाले. पाहुण्याने मान किंचित वळवली आणि परत जागेवर आणली. शंभर झाले. 'पाहुणा नुसता बसून होता' हे वाक्य आपण नेमकं किती पानांवर लिहिलं आहे, असा विचार मधुकररावांच्या मनात आला आणि ते अस्वस्थ झाले.

"अजी, बोट मागं घ्या."

"काही करतच नाही वं हा!"

"तुम्हीच लिहिला न तसा."

दीडशे. एकशे ऐंशी. चंद्रभान श्वास रोखून उभा राहिला. पाहुणा बसून होता. बसूनच होता. एकशे नव्वदाव्या सेकंदाला मारोतरावाची गोफण गरकन फिरली, आणि पडद्यावर अक्षरं आली, 'खेळ खल्लास'.

पंखा कुरकुरत राहिला. मधुकररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

"चंद्रभान," ते कोणाकडेही न पाहता म्हणाले, "ती चाळीसवाली कॅसेट आहे काय रे?"

"आहे न. पण काकाजी, त्यात तर तुमचा चेहरा..."

"माहीत आहे. लाव."

चंद्रभानने कॅसेट घातली. मांजरं भांडू लागली. मधुकररावांनी खुर्ची पुढे ओढून बाह्या सरसावल्या, आणि सुभद्राबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "काठाकडून मारत या, अजी. मधली वीण घट्ट आहे."