री म्हणजे पुन्हा

इंग्रजी म्हणजे अण्णांच्या डाव्या हातचा मळ! जन्मभर कचेरीत त्यांनी साहेबांचे मसुदे सुधारले होते. डिक्शनरीला ते शिवतही नसत. "शब्द फोडायचा," ते सांगत, "आत अर्थ बसलेलाच असतो!"

सध्या मात्र पाय मोडून ते स्वतःच पलंगावर बसलेले होते. उशाशी घंटी. घंटी वाजली की सूनबाई हजर! पाणी दे, चष्मा शोध, पंखा वाढव, आता कमी कर. बिचारीचे डोळे खोल गेले होते. बहिणीकडे जाऊन दोन दिवस नुसतं झोपायचं, एवढीच तिची इच्छा होती.

प्लास्टर बघायला आलेली सिस्टर निघता निघता दारात तिला म्हणाली, "ताई, तुम्हाला रेस्पाइट हवा. उद्या आमचा माणूस पाठवते."

अण्णांनी कान टवकारले. रेस्पाइट! री म्हणजे पुन्हा. स्पाइट म्हणजे खुन्नस. पुन्हा खुन्नस! आणि त्यासाठी माणूस?

मुलगा कामावरून येताच त्यांनी त्याला बोलावलं. "तुझी बायको माझ्यावर खुन्नस काढणार आहे. भाड्याचा माणूस आणून!"

मुलाचं इंग्रजी अण्णांनीच पक्कं करून घेतलेलं, त्यामुळे त्याला ते लगेच पटलं. तो घाबरत स्वयंपाकघरात गेला.

"तुला म्हणे रेस्पाइट हवाय?"

"हवाय! कधीपासून हवाय!"

"कोणामुळे गं?"

"तुमच्या वडिलांमुळे! आणि खरं सांगू? थोडा तुमच्यामुळेही!"

मुलगा आल्या पावली मागे फिरला.

सकाळी दारात एक धिप्पाड माणूस उभा राहिला. बाह्या वर सरसावलेल्या. "आजोबा कुठायत?" त्याने विचारलं. मुलाने वडिलांच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि स्वतः बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली.

अण्णांनी कुबडी उगारली. "खबरदार! पाय मोडलाय, तोंड शाबूत आहे!" त्यांनी उशी फेकली, चष्म्याचं घर फेकलं, आणि फेकायला काही उरलं नाही तेव्हा जिवाच्या आकांताने घंटी वाजवली.

सूनबाई सवयीने धावत आली. "काय हवंय, अण्णा?"

"तुझ्यापासून वाचवणारं कोणीतरी हवंय! पुन्हा पुन्हा खुन्नस काढतेस?"

सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग मात्र ती कडाडली. "खुन्नस? अण्णा, रेस्पाइट म्हणजे उसंत! काम संपत नाही, दुखणं संपत नाही, जरा वेळ थांबतं, एवढंच. हे दादा तुमचं सगळं बघतील. मी दोन दिवस झोपायला चाललेय!" शेवटी तिचा आवाज रडवेला झाला.

पण हार मानतील तर ते अण्णा कसले! "मग त्यात स्पाइट कशाला घुसवलंय? चूक इंग्रजांची आहे. मी अर्थ बदलणार नाही!"

"नका बदलू! मीही जायची थांबणार नाही!" तिने बॅग उचलली आणि निघालीच.

दोन दिवसांनी ती टवटवीत होऊन परतली, तेव्हा अण्णा त्या दादांबरोबर पत्ते कुटत होते. घंटीत कापूस कोंबलेला होता.

"आलीस? इतक्यात?" अण्णा म्हणाले. "आता पुन्हा कधी जातेस? हा बरा आहे. 'औषध घेतलं का, औषध घेतलं का' म्हणून डोकं खात नाही. मलाही जरा उसंत मिळाली!"

सूनबाईने बॅग धाडकन खाली ठेवली. "मी डोकं खाते? बरं! आता बघाच. वर्षभर या घरातून हलणार नाही!"

अण्णांचा चेहरा पडला. मग हळूहळू उजळला. त्यांनी घंटीतला कापूस उपटला आणि ती दणादणा वाजवली.

"ऐका! ऐका सगळे! माझाच अर्थ खरा निघाला! री म्हणजे पुन्हा, आणि स्पाइट म्हणजे...?"

"खुन्नस!" पुन्हा बाथरूममध्ये दडलेल्या मुलाचा आवाज आला.