अधांतरी कवळी

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दातांचे डॉक्टर बायकोला घेऊन मैदानावर आले, ते एका उडत्या यंत्राला रंगेहाथ पकडायला.

डॉक्टरांना विमानांचं वेड होतं. हलक्या लाकडाची, हाताने घडवलेली, रिमोटवर उडणारी विमानं. दर रविवारी ते आणि त्यांच्या मंडळातले चार-पाच समवयस्क या मैदानावर विमानं उडवत, एकमेकांच्या विमानांना नावं ठेवत आणि दुपारी बोलणी खायला आपापल्या घरी जात. सगळं सुखात चाललं होतं. मग एका कंपनीची पार्सल पोचवणारी ड्रोन मैदानावरून ये-जा करू लागली, आणि डॉक्टर आकाशातल्या त्या यंत्रांना पाण्यात पाहू लागले.

"त्यांना समोरचं काही दिसत नाही. एक दिवस कुणाच्या तरी डोक्यात पडणार," असं ते दाढ उपटता उपटता सांगत. पेशंटच्या तोंडात त्यांचे दोन्ही हात असल्यामुळे या मताला आजवर कोणीही विरोध केला नव्हता.

मंडळाच्या वतीने त्यांनी रीतसर तक्रार केली होती आणि तिची सुनावणी आज दुपारी होती. उणीव होती ती फक्त पुराव्याची. एखादं ड्रोन कुणाला इजा न करता, पण चांगलं दणदणीत पडावं, म्हणून डॉक्टर कितीतरी महिने वाट पाहत होते. एकही पडेना. कंपनीला काही लाजच नव्हती.

"तू फक्त मोबाइल धरून उभी राहा," ते बायकोला म्हणाले. "मी विमान त्याच्या वाटेत नेतो. ते काही बाजूला होणार नाही. तेवढं रेकॉर्ड कर."

"आणि धडकलं तर?"

"तर उत्तमच."

ड्रोन आलं. डॉक्टरांनी आपलं पिवळं विमान त्याच्या नाकासमोरून नेलं. ड्रोन हवेत थांबलं आणि विमान पुढे गेल्यावर निघालं. डॉक्टरांनी विमान पुन्हा आडवं घातलं. या वेळी ड्रोन, दारात वडीलधाऱ्यांना वाट द्यावी तसं, अदबीने बाजूला सरकलं.

"गुणी आहे हो," बायको म्हणाली.

"तुझा आवाज रेकॉर्ड होतोय."

आता डॉक्टर इरेला पेटले. विमान वरून घातलं, खालून घातलं, पाठीमागून घातलं. ड्रोन थांबत होतं, सरकत होतं, पुन्हा थांबत होतं. शेवटी या शिष्टाचारात त्याची बॅटरी संपत आली असावी. ते सावकाश खाली आलं, गवतावर टेकलं आणि मंजुळ बायकी आवाजात म्हणालं, "कृपया दूर राहा. मदत येत आहे."

"पडलं," डॉक्टर तृप्त होऊन म्हणाले.

"बसलं," बायको म्हणाली. तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल वाजला. तिने मेसेज वाचला, मग ड्रोनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आपलं पार्सल थोडं उशिरा येणार आहे. वाटेत अडथळा आलाय म्हणे."

"कसलं पार्सल?"

"साहेबांची कवळी."

हे साहेब म्हणजे आज दुपारी तक्रार ऐकणारे अधिकारी. त्यांची जुनी कवळी दुभंगली होती आणि सुनावणीच्या आधी नवी बसवून देतो, असा शब्द डॉक्टरांनी मोठ्या तोऱ्यात दिला होता.

"लॅब ड्रोनने पाठवते? कधीपासून?"

"वर्ष होत आलं. हल्ली दात वेळेवर येतात म्हणून तुम्हीच कौतुक करता ना?" दवाखान्याचं काउंटर तीच सांभाळायची.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकून घ्याल तेव्हा सांगणार होते."

डॉक्टर ड्रोनपाशी गेले. "कृपया दूर राहा," ड्रोन म्हणालं.

"अगं बाई, माझंच पार्सल आहे."

"मदत येत आहे."

तितक्यात साहेबांचा फोन आला. ते दवाखान्याच्या बंद दारासमोर उभे होते. तोंडाचं बोळकं झाल्यामुळे शब्द कळत नव्हते, पण राग स्वच्छ ऐकू येत होता.

बऱ्याच वेळाने स्कूटरवरून कंपनीची इंजिनिअर मुलगी आली. तिने ड्रोन उघडलं, त्यातलं चित्रण टॅबवर पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "काका, हे पिवळं विमान तुमचं का?"

विमान डॉक्टरांच्या बगलेतच असल्यामुळे नाही म्हणायला फारसा वाव नव्हता. त्यांनी मान हलवली, कवळीची डबी घेतली आणि दवाखान्याकडे धूम ठोकली. कवळी साहेबांच्या तोंडात बसली, पण घाईत घासून नीट करायची राहिली.

दुपारी सुनावणीत डॉक्टरांनी आपलं चित्रण दाखवलं. त्यात "गुणी आहे हो" हे वाक्य सर्वांत ठळक आलं होतं. मग मुलीने ड्रोनने टिपलेलं चित्रण दाखवलं. एक पिवळं विमान चवताळलेल्या गांधीलमाशीसारखं पुन्हा पुन्हा अंगावर येत होतं.

"या वेळी माझी कवळी आत होती?" साहेबांनी विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांची दातखीळ बसली. या धंद्यात असूनही तिच्यावर त्यांच्याकडे उपाय नव्हता.

"पण साहेब, आमची काही तक्रार नाही," मुलगी पुढे म्हणाली. "चाचणीसाठी आम्ही ड्रोनसमोर फुगे सोडतो. इतका चिवट अडथळा आम्हाला कुठेच मिळाला नव्हता. काकांनी दर रविवारी असंच करावं, एवढीच विनंती आहे."

साहेबांची हिरडी ठणकत होती. लांबलचक निकाल द्यायची त्यांना सोय नव्हती. "मंजूर," ते म्हणाले आणि गाल धरून उठले.

"मी जाणार नाही," डॉक्टरांनी घरी येऊन जाहीर केलं. मग जेवताना म्हणाले, "किंवा जातो. आत शिरल्याशिवाय त्यांची पोल कशी खोलणार?"

"खोला की," बायको म्हणाली. "मंडळाला तेवढं आधी सांगा."

मंडळाला सांगायचं राहूनच गेलं. पोल खोलायच्या कामात डॉक्टर इतके गुंतले, की विमानाच्या पंखावर कंपनीचं स्टिकर कधी आलं आणि डोक्यावर कंपनीची टोपी कधी, हे त्यांनाही कळलं नाही. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत पिवळं विमान आणि ड्रोन मैदानभर पाठशिवणी खेळत. बाकीच्यांची विमानं गवतावर पंख पसरून बसलेली असत.

एका रविवारी मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त गणित मास्तर, अवघडल्यासारखे डॉक्टरांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"डॉक्टर, राग मानू नका. मंडळाने नवी तक्रार दिलीय."

"कुणाविरुद्ध?" डॉक्टरांनी आकाशावरची नजर न काढता विचारलं.

"एका व्यापारी विमानाविरुद्ध. पिवळ्या रंगाचं आहे. सगळं आकाश अडवतं, समोर कोण आहे ते बघत नाही. एक दिवस कुणाच्या तरी डोक्यात पडेल, असं आम्हाला वाटतं."

डॉक्टरांनी विमान एक गिरकी घेऊन वर चढवलं, टोपी सारखी केली आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "मास्तर, आमच्या कंपनीकडून सुरक्षेची संपूर्ण काळजी घेतली जाते."