एका चपलेचे गजभियेभाऊ

आमच्या धान-बियाणे केंद्रात कुणी एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असा फिरताना दिसला, तर बिचाऱ्याची चप्पल हरवली म्हणून हळहळू नका. ते आमचे गजभियेभाऊ. त्यांची दुसरी चप्पल कामावर असते.

पोत्यांना वाणाच्या नावाचे टॅग लावताना ऑफिसचा फोन वाजला किंवा साहेबांनी हाक मारली, की भाऊ उठतात, पण एक चप्पल त्या पोत्यापाशी सोडून. "डोकं इसरते, पाय नाही इसरत," ते सांगतात. "तळपायाले खडा टोचला का आठवते, काम अपुरं हाय." एकदा दोन कामं एकदम अर्धवट राहिली आणि भाऊ दोन्ही पायांनी अनवाणी साहेबांच्या मिटिंगला गेले. साहेबांना वाटलं, काय हा आदर!

दुसरं वेड डोळ्यांचं. पोतं शिवण्याआधी टॅग कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यायचा. "दुसरे डोळे द्या न भाऊ!" चहावाला, ट्रक ड्रायव्हर, लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा, कुणीही चालतो. मी वैतागायचो. "आत्ताच तर वाचलं, भाऊ."

"मंग आता पुन्हा वाचा. तुमचे डोळे काय झिजून राहिले?"

कामात मधे येऊ नये म्हणून मोबाईल तर ते जेवणाच्या डब्यातच कोंडतात. वांग्याच्या भाजीशेजारून रिंग वाजत राहते.

यंदा लेकीनं त्यांना नागपूरच्या डॉक्टरकडे नेलं. परतले ते खुशीत. "एडीएचडी म्हणते बाप्पा! ध्यान टिकत नाही. जन्मापासूनच हाय म्हणे." मग एकदम चेहरा उतरला. "मले वाटे मी बेपर्वा हाय. समद्यायले तेच वाटे. पहिले माहीत असतं त..."  मग म्हणाले, "रविवारी आसगावले येता काय माह्यासंगं, ताईच्या घरी? तिले एक सांगाचं हाय."

काय सांगायचं, ते त्यांनी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून सांगितलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा केंद्रातली निम्मी माणसं तिकडे गेली. टॅगही भाऊंनीच लावायचे आणि फोनही त्यांनीच घ्यायचे. त्या धांदलीत ताईसाठी बी भरताना फोन आला. परत येऊन त्यांनी हलक्या धानाचा टॅग उशिरा पिकणाऱ्या भारी धानाच्या पोत्यावर शिवला आणि ते पोतं स्वतःच नेऊन दिलं. ताईची बांधी, म्हणजे धानाचं शेत, उंचावर, पाणी लवकर आटणारी. तिथं लवकर निघणारा हलका धानच हवा. शेजाऱ्यांची कापणी झाली तरी ताईचं शेत हिरवंच. मग जमिनीला भेगा पडल्या आणि लोंब्या पोचट राहिल्या. ताईनं तक्रार केली असती तर भाऊंची नोकरी गेली असती. ती गावभर सांगत राहिली, बी चांगलं होतं, पाण्यानं दगा दिला.

"तवा झगडली असती त बरं झालं असतं," भाऊ म्हणाले. "तिले वाटत असन, भावानं माह्या कामावर ध्यानच देल्लं नाही."

ताईंनी आम्हाला थेट पाटावरच बसवलं. पांढरे केस, भावासारखीच किडकिडीत अंगकाठी. भाऊंनी घास खाली ठेवला.

"ताई, त्या सालचं बी..."

"बी चांगलंच होतं रे. पाणीच नाही आलं. खाय तू."

"पण ताई, डॉक्टर म्हणते..."

"डॉक्टर काय म्हणीन? किती वाळला! खाय."

आणि ताटात भात पडला. माफी इतकी आधीच देऊन टाकलेली, की मागायला जागाच नाही. खरं सांगतो, मला ताईंचा रागच आला. भाऊ मान खाली घालून जेवले.

निघालो. गाडीला किक मारताना खाली लक्ष गेलं, तर भाऊंचा एक पाय अनवाणी.

"भाऊ, चप्पल?"

"राहू द्या. इथलं काम बाकी हाय."

वळणावर मी मागे पाहिलं. ताई ओसरीवर आल्या होत्या. त्यांनी ती चप्पल उचलली, पदरानं पुसली आणि घरात घेऊन गेल्या. भाऊ समोर बघत होते.

"भाऊ," मी म्हणालो, "आज माझे डोळे घ्या." आणि पाहिलं ते सांगितलं.

पवनी गाव आलं. मग भाऊंचा हात माझ्या खांद्यावर आला.

"पदरानं पुसली? नीट पाह्यलं न तुमी? पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.