चार बोटं खाली

आमच्या बेंबळीच्या विश्वंभरतात्यांचे दोन्ही पाय धडधाकट होते. तरी हा माणूस रोज सकाळी स्वतःच्याच जीपमध्ये लंगड्यासारखा चढायचा. हातात काठी, डावा पाय लाकडासारखा ताठ. उजवा पाय आत टाकायचा, कशालाही न धरता अंग वर घ्यायचं आणि मग तो ताठ पाय मागून ओढायचा. तेही ड्रायव्हरच्या बाजूनं नाही, शेजारच्या! निम्म्यात तोल जायचा, धोतर अडकायचं, आणि मग पाटे बसवणाऱ्या मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू. तो संपला की तात्या खाली उतरून, वळसा घालून ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे. मी मागं दुधाच्या कॅनांमध्ये अंग चोरून बसलेलो. इकडं माझ्या कचेरीची वेळ टळतेय आणि यांचं हे नाटक! असा संताप यायचा, काय सांगू.

"तात्या, पाय दुखतोय का?" एकदा विचारलं.

"फजूल सवाल तुझ्या कचेरीत इच्यार, मिल्या. हितं गाडी कुणाची हाय?"

गाडी त्यांचीच. लिलावात घेतलेली जुनी जीप. तात्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन, आणि सोसायटीचं दूध रोज त्याच जीपनं धाराशिवला जायचं. दूध म्हणजे काय, दुष्काळात जनावरांच्या आचळात उरलं होतं तेवढं. मी धाराशिवला कारकून होतो, म्हणून कॅनांबरोबर मीही.

जीपच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचे कमानदार गठ्ठे असतात, त्यांना पाटे म्हणतात. सगळ्या गाडीचं ओझं त्यांच्यावर. दुष्काळी कामावरची माणसं आणि पाण्याची पिंपं वाहायची म्हणून त्या साली जो तो आपल्या गाडीला एखादा पाटा वाढवून घेत होता, गाडी उंच करत होता. आमचे तात्या मात्र गाडी खाली बसवायला निघालेले! चार बोटं. तीन नाही, पाच नाही. वर पालुपद ठरलेलं, "आन् शॉकअप कंपनीचाच ऱ्हाईल!"

पहिल्यांदा गावातल्या मिस्त्रीनं प्रत्येक गठ्ठ्यातले दोन-दोन पाटे काढले. गाडी खाली आली, पण आता धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या दांड्याला आत-बाहेर व्हायला जागाच उरली नाही. खड्डा आला की खाडकन आवाज, आणि तो धक्का थेट माझ्या माकडहाडात. दुष्काळी कामातली सगळी खडी रस्त्यावर सांडलेली. तिच्यावर गाडीचं पोट घासलं की तात्या उतरून खडीलाच शिव्या द्यायचे. माझी जीभ दोनदा चावली गेली, त्याचं कुणाला काही नाही.

मग लोहाराकडं. त्यानं पाटे भट्टीत तापवून सपाट केले. आठ दिवसांत लोखंडातला जीवच गेला आणि जीप रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी बसली. मग सोलापूर. तिथला मिस्त्री म्हणाला, "एवढी खाली पाहिजे तर शॉकअप आखूड टाका."

"सदरा आखूड झाला म्हणून पोराचे हात तोडतोस का रं?" तात्या गरजले. तिथून आम्ही भांडूनच परत. त्या दिवशी माझी रजा गेली ती गेलीच.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. "तात्या, चढता येत नसेल तर एक स्टूल ठेवा की गाडीत!"

त्यांनी भर रस्त्यात जीप थांबवली. "स्टुलावर चढताना माणूस काय धरतो? दुसऱ्याचा खांदा! उतर खाली!" आणि खरंच उतरवलं हो मला. नळदुर्गच्या अलीकडं, भर उन्हात. शेवटी एका ट्रकवाल्याला दया आली.

पण माझा खरा राग जीपवरून नव्हता. तो होता पेंडीवरून.

दुष्काळात सोसायटीला जनावरांसाठी पेंडीची पोती यायची. ती कुणाला किती द्यायची हे महिन्याच्या बैठकीत ठरायचं. तात्या यादी वाचायचे. यादीत पाच-सहा म्हशीवाले संचालक वर आणि आमच्या बौद्धवाड्यातले एकेका म्हशीचे धनी तळाला. वाचून झालं की कोपऱ्यातून एक आवाज यायचा, "न्हाय." हे आमच्या वाड्यातले गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, तात्यांच्याच वयाचे. मग तासभर जुंपायची. "गुरुजी, तुमाला कळत न्हाय!" "तात्या, तुमाला कळतं पर वळत न्हाय!" दोघं गळ्याच्या शिरा ताणून भांडणार, पण अहो-जाहो सुटणार नाही. शेवटी तात्या टेबलावर मूठ आपटायचे, आणि ज्याची एकच म्हैस त्याला पोतं आधी मिळायचं.

पण गुरुजी आटलेल्या बारवेच्या पायऱ्यांवरून पडले. खुबा मोडला. काठी घेऊन दारापुढं फिरत, पण डावा पाय काही वाकेना. सोसायटीचं ऑफिस लांब, फाट्यावर. दोन संचालक खाट घेऊन न्यायला आले, तर गुरुजी म्हणाले, "खाटंवर मयत नेत्यात. म्या अजून जित्ता हाय." मी हात पुढं केला, तर माझ्यावरच उखडले, "जल्मात कुणाचा हात धरून वर चढलो न्हाय. आता चढू व्हय?"

तेव्हापासून बैठक एका चहात आटपायला लागली. तात्या वाचायचे, माना डोलायच्या, पोती संचालकांच्या गोठ्यात. आमच्या वाड्यातल्या दोन म्हशींना बाजार दाखवावा लागला. आणि वर तात्याच बाहेर येऊन ओरडणार, "सगळी नंदीबैलं! एकाच्या तोंडून न्हाय निघंना!"

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही चेअरमन ना? मग तुम्हीच म्हणा की न्हाय!"

तात्यांनी आजूबाजूला कुणी नाही हे बघून घेतलं. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्याबी गोठ्यात चार म्हशी हायत, मिल्या. मलाबी पेंड लागती. समोर कुणी न्हाय म्हणाया असल्याबिगर मला सुधरत न्हाय."

असली कबुली ऐकून राग कमी व्हावा ना? माझा वाढला.

पुढच्या बैठकीआधी तात्या पुन्हा त्याच सोलापूरच्या मिस्त्रीकडं गेले आणि डोक्यावर बसून करून घेतलं. पाटे सगळे ठेवले, फक्त न तापवता ठोकून कमान उतरवली. स्वतः गाडीखाली झोपून शॉकअपच्या फटीत बोटं घालून बघितली म्हणे. बैठकीच्या सकाळी ते ताठ पायानं जीपमध्ये चढले, तोल गेला नाही, आणि पहिल्यांदाच कुणाला शिवी दिली नाही. मला वाटलं, ताप-बिप आला असावा.

जीप फाट्याकडं न जाता बौद्धवाड्यात वळली आणि गुरुजींच्या दारात थांबली. तात्या उतरले नाहीत, समोर बघत नुसता हॉर्न वाजवत बसले. गुरुजी काठी टेकत आले. मी धरायला उठलो.

"खाली बस!" तात्या खेकसले. "हात लावशील तर बघ!"

गुरुजींनी उजवा पाय आत टाकला. कशालाही न धरता अंग वर घेतलं. मग ताठ डावा पाय मागून ओढून घेतला आणि बसले. महिनाभर रोज सकाळी बघत होतो मी हे. अगदी हेच. 

गुरुजींनी टोपी नीट केली. "गाडी खाली घेतली वाटतं. खडीवर आपटंल की, तात्या. अक्कल वापरली न्हाय तुमी."

"गाडी माझी हाय, गुरुजी!"

"हाय तुमची, पर आपटंल."

फाट्यापर्यंत दोघं भांडत होते. जीप मात्र एकेक खडा चुकवत इतकी हळू चालली होती की मागचा सायकलवाला पुढं निघून गेला.

बैठकीत मी सभासद म्हणून मागं उभा होतो. तात्यांनी यादी वाचली. माना डोलायला लागल्या.

"न्हाय," कोपऱ्यातून आवाज आला.

तात्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की कपबशा खाली. "का न्हाय? सांगा की, का न्हाय!"

चांगली तासभर जुंपली. आमच्या वाड्याची पोती त्या दिवशी सगळ्यांच्या आधी निघाली. मी बाहेर आलो तर तात्या जीपच्या आडोशाला उभे, उपरण्यानं तोंड पुसत होते.

"ऐकलास का, मिल्या?" आवाज घोगरा झाला होता. "कसं खणखणीत न्हाय म्हणले."

मी मान डोलावली.

"मान काय हालिवतोस नंदीबैलासारखी! हो बाजूला. गुरुजींना चढायचंय."