देवकाबाईंचे तीन दिवस

आष्टीच्या देवकाबाईंना एकावन्नावं लागलं, तरी दर महिन्याला तीन दिवस बाहेर बसणं काही सुटेना. चौथ्या बाळंतपणापासून त्या सरकारी दवाखान्यातल्या, मूल न होण्याच्या गोळ्या घेत होत्या, आणि आता त्यांना वीट आला होता. नर्स मीराबाईंनी सांगितलं होतं, पाळी थांबली की गोळी बंद करा. दोन वर्षं वाट पाहिली. शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला : पाळी येते ती गोळीमुळेच. आधी गोळी सोडा. मग वर्षभर पाळी आली नाही, तर सुटलात. तोवर काळजी यजमानांनी घ्यायची.

"थांबल्याबिगर सोडता येत नाई, अन् सोडल्याबिगर थांबत नाई," देवकाबाई बसमध्ये नवऱ्यावर करवादल्या, जसा काही हा नियम त्यानेच केला होता.

महादेवराव हेडमास्तर. गावच्या दवाखान्यात निरोध वाटणारा कंपाउंडर त्यांचाच विद्यार्थी, म्हणून ते दर महिन्याला बस पकडून आर्वीला जाऊ लागले.

पाळी खरंच आली नाही. पण तिसऱ्या महिन्यात सासूबाई जिजाबाईंच्या ते ध्यानात आलं. सून बाहेर बसत नाही, वर चिंच खाते. त्या शेजारणीकडे बोलल्या, शेजारीण विहिरीवर बोलली, आणि देवकाबाईंची सून कोकिळा विचारू लागली की येणाऱ्या दिरासाठी दुपटं शिवायचं का. देवकाबाई सांगून थकल्या की पाळी थांबली आहे. कालपर्यंत वेळेवर येणारी पाळी अशी एकाएकी थांबते होय, म्हणून कुणी ऐकेना. मग त्यांनी आपली चटई आणि ताट उचललं आणि त्या ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. गाव गप्प झालं. अर्थात पुढे दर महिन्याला बसणं आलंच.

वर्ष भरलं. मीराबाई वही घेऊन आल्या. देवकाबाईंनी तोंड उघडायच्या आत जिजाबाई म्हणाल्या, "पाळीचं काय विचारता? मायी सून एक महिना चुकली नाई."

मीराबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मंग वर्ष पयलेपासून मोजा. नाईतर ह्या घ्या गोळ्या."

आतल्या खोलीत महादेवराव खोकले.

"नाई आली मले," देवकाबाई म्हणाल्या. "वर्षात एकडाव नाई आली. लोकायचं तोंड बंद कराले बसत होतो मी."

जिजाबाईंनी शांतपणे सुपारी कातरली. मग आवाज खाली आणला.

"मले काय समजलं नाई? मायी थांबली तवा मीबी सहा वर्षं तशीच बसलो. तीन दिवस आयतं ताट कोन देते बाईले? मीराबाई, तुम्ही लिहा काय लिहायचं ते. अन् देवके, तू बसत जाय. फक्त सुनेले सांगू नको."

त्या सहा वर्षांत सासूबाईंना ते आयतं ताट कुणी वाढलं होतं, हे देवकाबाईंना लख्ख आठवलं. त्या काही बोलणार होत्या, पण स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज केव्हाचा थांबला होता.

त्या महिन्यात कोकिळा दोनदा बाहेर बसली.