स्तामातियाच्या सहा ताटल्या

स्तामातियाच्या लग्नातल्या सहा निळ्या ताटल्यांपैकी पहिली गेली सोमवारी. ग्रीक बेटावरच्या तिच्या घरी समुद्राकडच्या भाड्याच्या खोलीत महिनाभर राहायला आलेल्या टोर्बन आणि बिर्गिट या डॅनिश जोडप्याला तिने अंजिरं पाठवली. मंगळवारी ताटली परत आली नाही. दिलेली ताटली तोंडाने मागायची म्हणजे गावात नाक कापून घेणं. म्हणून नुसती आठवण व्हावी अशा बेताने तिने दुसरीत भरले टोमॅटो पाठवले. तीही तिकडेच मुक्कामाला राहिली. मग स्तामातिया इरेला पेटली, आणि शनिवारी सकाळी सहावीही रवाना झाली.

एरवी तिने मनाला लावून घेतलं नसतं. पण रविवारी समोरच्या बेटावरून कालिओपी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन येणार होती. तो मुलगा आणि स्तामातियाची लेक अर्गिरो एकमेकांना पसंत होते. अडलं होतं ते कालिओपीच्या होकारावर, आणि तिने आधीच्या दोन मुली नाकारल्या होत्या. पाहुण्यांपुढे मांडाव्यात अशा दुसऱ्या ताटल्या घरात नव्हत्या, आणि शेजारणीकडून आणाव्यात, तर तासाभरात गावभर बोभाटा झाला असता.

शनिवारी दुपारी तिने नवऱ्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. यान्नूलिसने नजर कॉफीच्या कपात घातली.

"मीच सांगितलंय त्याला. आपल्याकडे रिकामी ताटली परत द्यायची नसते. आणि विकतचं घालून तर नाहीच."

"मग?"

"त्याला मासा तळण्यापलीकडे काही येत नाही. सोमवारपासून गळ टाकून बसतोय बिचारा. एक लागला नाही. म्हणत होता, तुझी बायको फार घाई करते."

रविवारी भट्टीत कोकरू तयार झालं. कालिओपीने पडदे न्याहाळले, मग रिकामं टेबल न्याहाळलं. स्तामातिया आत कपाळाला हात लावून उभी होती, तेवढ्यात उन्हाने नाक सोललेला टोर्बन हसत आला. त्याने सहाही ताटल्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीत एकेक तळलेला मासा, करंगळीएवढा. मान लववून तो निघून गेला.

"हा कोण?" कालिओपीने विचारलं.

"खोलीतला पाहुणा," अर्गिरो पुटपुटली.

कालिओपीने मासा काट्यासकट संपवला. स्तामातियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मागच्या दोन्ही घरी अख्खा बोकड कापला होता," कालिओपी म्हणाली. "असल्या उधळ्या घरची पोर माझं वर्षाचं तेल महिन्यात संपवेल. इथे माणशी एक मासा, आणि वाढायलासुद्धा भाडेकरू. ही मुलगी आमची."

कोकरू भट्टीतून बाहेर आलंच नाही. वास कसला येतोय, असं कालिओपीच्या नवऱ्याने दोनदा विचारलं. शेजाऱ्यांकडे पैसा फार झालाय, असं यान्नूलिसने सांगितलं.

पाहुण्यांची होडी नजरेआड झाल्यावर स्तामातियाने आनंदाच्या भरात सगळं कोकरू पातेल्यासकट टोर्बनच्या खोलीवर पाठवून दिलं.

सोमवारी सकाळी तिने खिडकी उघडली, तर टोर्बन गळ खांद्यावर टाकून धक्क्याकडे निघाला होता. पातेलं बरंच मोठं होतं.