होऊ द्या सावकाश

आमचे गर्जे सर दर वर्षी नव्या परदेशी मुलांसमोर रिकामं ताट घेऊन टेबलावर मांडी घालून बसतात. स्टेजवरच्या टेबलावर! मागे पडद्यावर विद्यापीठाचा फोटो, बाजूला समई, आणि मधोमध कोट घातलेले सर, नसलेली भाकरी मोडताहेत.

संगमनेरजवळ हायवेला लागून असलेल्या आमच्या विद्यापीठाच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे. पाटीवर त्याच्याच खाली ‘दुधाचे टँकर येथे उभे करू नयेत’ असंही आहे. नव्या मुलांच्या ओरिएंटेशनला कुणी ग्रंथालय समजावतं, कुणी हजेरीचे नियम. शेवटचा तास गर्जे सरांचा. एरवी ते मातीचं शास्त्र शिकवतात. पण या तासाचा विषय एकच. कुणी ‘या जेवायला’ म्हटलं, तर काय करायचं?

उत्तर : जेवायचं नाही.

“लिसन!” सर आडनावाला जागतात. मूळचे पाथर्डीचे, त्यामुळे इंग्रजीतही तिकडचा वारा सुटतो. “फर्स्ट टाइम, मॅनर्स. सेकंड टाइम, मॅनर्स. हात धरून वढलं, देन ओन्ली फूड! तवर काय म्हनायचं?”

“होऊ द्या!” सगळा हॉल ओरडतो.

“आन् सावकाश कुठं ग्येलं? नुसतं होऊ द्या म्हंजी, आटपा लवकर म्हनल्यावानी वाटतं. फुल सेंटेन्स!”

“होऊ द्या सावकाश!” नेपाळ, भूतान, मलावी, सगळे एका सुरात.

हे वेड उगाच लागलेलं नाही. एका वर्षी सर मुलांना काष्टीचा बैलबाजार दाखवायला घेऊन गेले. लिंबाखाली एक कुटुंब भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसलं होतं. त्यांच्यातल्या बाईंनी रीतीप्रमाणे हाक दिली, “या जेवायला.” मलावीचा पीटर “थँक्यू” म्हणून बसला. भला दांडगा गडी! सर बैल बघून परत येईपर्यंत त्या माणसांना फक्त कांदा उरला होता. बाई म्हणत होत्या, “खाऊ द्या हो, लई लांबनं आलंय लेकरू.” सर मात्र घामाघूम. परतीच्या गाडीतच त्यांनी हा तास जन्माला घातला. तेव्हापासून कुणाची सुटका नाही. उशिरा आलेल्या एका मुलीला तर त्यांनी बसस्टँडवरच शिकवलं, ती बॅग उतरवत असताना.

पंचाईत अशी, की तास फार चांगला झाला.

काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, गेल्यापासून सर एकटेच असतात. मुलगी सासरी, लांब. संध्याकाळी स्वतः भाकऱ्या थापतात, एक जास्तीची, आणि ताट घेऊन क्वार्टरच्या ओट्यावर येतात. “आत घास उतरत न्हाई, मॅडम,” एवढंच मला एकदा म्हणाले. मी शेजारीण, आणि त्यांच्याच डिपार्टमेंटमधली. आमच्याकडे बोलावलं, तर “होऊ द्या सावकाश” म्हणून मोकळे!

ओट्यासमोरून हॉस्टेलची वाट जाते. मुलं मैदानावरून परतू लागली की सर हाक मारतात, “या जेवायला!” हाक संपायच्या आत उत्तर येतं, “होऊ द्या सावकाश, सर!”

“उच्चार आइकला का, मॅडम? माझ्यापरीस साफ हाय!” सर खूश. मग मुलं वळणाआड जातात, आणि सर जास्तीची भाकरी फडक्यात गुंडाळून आत ठेवतात. हात धरून ओढायचं तेवढं त्यांना जमत नाही.

यंदा व्हिसाच्या भानगडीत इथिओपियाचा योनास ओरिएंटेशन संपल्यावर उगवला. संध्याकाळी बॅग ओढत हॉस्टेल शोधत होता. सरांनी सवयीनं ताटाकडे हात करून हाक दिली. योनासला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती खूण कळली. त्यानं बूट काढले, नळावर हात धुतले आणि येऊन बसला.

सर गडबडले. “थांब, थांब, ताट आनतो,” म्हणून उठणार, तोच योनासनं सरळ सरांच्या ताटात हात घातला. डिपार्टमेंटमध्ये स्वतःचा कप कुलपात ठेवणारे आमचे सर! योनासनं भाकरी मोडली, पिठल्यात घोळवली, नीट घास केला, आणि तो सरांच्या तोंडाशी धरला. “अवर कस्टम, सर,” तो म्हणाला.

सरांनी तोंड उघडलं. तो एक घास ते किती वेळ चावत होते!

दुसऱ्या दिवशी मी खोडी काढली. “सर, योनासचं ओरिएंटेशन राहिलंय. कधी घेताय?”

“घिऊ की. कसली गडबड हाय?”

पुढच्या आठवड्यात विचारलं, तर त्याची प्रॅक्टिकल चालू होती. दिवाळीनंतर विचारलं, तर म्हणाले, “त्याला मराठी कुठं कळतंय अजून?” तोवर योनास मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून बायकांशी मराठीत भांडायला लागला होता.

परवा संध्याकाळी मी ओट्यासमोरून जात होते. पिठलं-भाकरीचं एकच ताट, वर झाकण. योनास हल्ली उशिरापर्यंत ग्रंथालयात असतो; सर त्या रस्त्याकडे बघत बसलेले.

“जेवला नाहीत अजून?” मी विचारलं.

“न्हाई,” रस्त्यावरची नजर न काढता सर म्हणाले. “थांबलोय जरा.”